चार शब्दांचे उत्तर आणि अर्धा गुण

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माध्यमिक शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात सूक्ष्मजीवांवर बोलायला गेलो होतो. तास संपल्यावर एक सर माझ्यासाठी थांबून राहिले होते. त्यांच्या पिशवीत घटक चाचणीचा एक पेपर होता. प्रश्न होता, 'जिवाणूंच्या वाढीसाठी कोणत्या गोष्टी आवश्यक असतात?' मुलीने लिहिले होते, 'अन्न, पाणी आणि ऊब. हवा सगळ्यांना लागत नाही, कारण धनुर्वाताचे जिवाणू खोल जखमेत वाढतात.' दोन गुणांच्या प्रश्नात तिला दीड गुण मिळाला होता.

"उत्तरसूचीत 'हवा' हा चौथा मुद्दा होता, म्हणून अर्धा गुण कापला," सर म्हणाले. "पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तुम्ही सांगा, मी बरोबर केलं का?"

त्या वेळी चहाच्या गडबडीत मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटलो. प्रश्न मात्र अर्ध्या गुणाहून मोठा आहे, म्हणून येथे तो सविस्तर मांडतो.

'हवा, पाणी, अन्न व ऊब' हे उत्तर कोणा एका पुस्तकाचे नाही. मी शाळेत असताना ते पाठ केले होते. आजही ते मार्गदर्शकांतून, फळ्यावरच्या मुद्द्यांतून आणि उत्तरसूचींतून फिरताना दिसते. तेव्हा ही टीका कोणा लेखकावर नाही, रूढ होऊन बसलेल्या एका पाठावर आहे.

आधी या पाठाची बाजू घेऊ. उन्हाळ्यात दूध बाहेर राहिले तर नासते, फ्रीजमध्ये ठेवले तर टिकते. भिजवलेली डाळ आंबते, कोरडी डाळ वर्षभर राहते. स्वयंपाकघरातल्या अशा अनुभवांचा उलगडा या चार शब्दांनी बऱ्यापैकी होतो, आणि पाचवीच्या मुलाला तेवढे पुरे आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. ही यादी नीट पाहिली तर ती जिवाणूंची नसून आपली आहे. माणसाला जगायला काय लागते असे विचारले तरी हेच चार शब्द येतील. आपल्या गरजा आपण जिवाणूंना चिकटवल्या, आणि जिवाणूंचे जे खरे वैशिष्ट्य तेच पाठातून निसटले. आता एकेक शब्द तपासू.

हवा

१८६१ साली लुई पाश्चर ब्युटिरिक आम्ल तयार होणाऱ्या किण्वनाचा अभ्यास करीत होते. त्या द्रवाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. थेंबाच्या मध्यभागी जिवाणू चपळाईने फिरत होते. कडेला, जेथे हवेचा स्पर्श होता, तेथे मात्र ते निश्चल पडलेले होते. हवेवाचून जगणारे जीव असतात, एवढेच नव्हे तर हवा त्यांना मारक ठरते, हे यातून पुढे आले.

धनुर्वाताचा जिवाणू याच जातकुळीतला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिबासाबुरो कितासातो यांनी १८८९ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वाढवला. त्यासाठी त्यांनी आधी जखमेतल्या पुवापासून वाढवलेले मिश्रण ८० अंश सेल्सिअसला तापवले. त्यामुळे बरोबरचे इतर जिवाणू मेले आणि धनुर्वाताचे बीजाणू तेवढे उरले. मग हवा काढून टाकून हायड्रोजन वायूत त्यांनी ते वाढवले. खिळा रुतून झालेली अरुंद, खोल जखम वरच्या खरचटण्यापेक्षा धोक्याची का, याचे कारण येथे आहे. आपल्या पेशींत ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी घातक संयुगे तयार होतात, आणि ती नष्ट करणारी विकरे आपल्याकडे असतात. विनॉक्सी जिवाणूंकडे ती नसतात किंवा अपुरी असतात.

मग कोणाला हवा लागते आणि कोणाला लागत नाही, हे कशावरून ठरते? श्वसन म्हणजे अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या तरी हवाली करणे, आणि त्या देवघेवीत ऊर्जा मिळवणे. आपल्या बाबतीत हे इलेक्ट्रॉन घेणारा एकच, तो म्हणजे ऑक्सिजन. जिवाणूंमध्ये कोणी ते नायट्रेटला देतो, कोणी सल्फेटला. किण्वन करणारे ते अन्नाच्याच तुकड्यांना परत करतात. तेव्हा गरज आहे ती इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या कोणाची तरी. हवा हा त्यातला एक पर्याय आहे.

काहींना तर हवा लागते, पण थोडी. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये प्रथम वाढवला. आधीचे प्रयत्न फसले होते, कारण दोन दिवसांत काही दिसले नाही की पेट्री बशा टाकून दिल्या जात. ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बशा पाच दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांत वाढ दिसली. कमी ऑक्सिजन त्यांनी दिलाच होता, वेळ तेवढा दिला नव्हता. जठरातील व्रण ताणतणावाने आणि तिखट खाण्याने होतात या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वेळ ही गोष्ट आपल्या यादीत कोठेच नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

अन्न

'अन्न' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर दूध, भात, मांस येते. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी १८८७ साली गंधकयुक्त झऱ्यांतल्या बेगियाटोआ या जिवाणूवर काम प्रसिद्ध केले. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू मिळाला की या जिवाणूच्या अंगात गंधकाचे कण साठत. वायू बंद केला की कण नाहीसे होत आणि जिवाणू उपाशी पडे. म्हणजे ऊर्जेसाठी त्याचे 'अन्न' हा एक निरिंद्रिय वायू होता.

पुढे झुरिकमध्ये ते मातीतल्या अमोनियाचे नायट्राइट करणाऱ्या जिवाणूंच्या मागे लागले. त्या काळी जिवाणू वाढवायचे म्हणजे मांसरस आणि जिलेटिन द्यायचे अशी पद्धत होती. या जिवाणूंनी त्यावर वाढायला नकार दिला. विनोग्राद्स्कींनी सेंद्रिय अन्न काढूनच टाकले, अमोनियाचा क्षार आणि कार्बोनेट ठेवले, जिलेटिनऐवजी सिलिकाची जेली वापरली, आणि जिवाणू वाढले. शरीर बांधायला लागणारा कार्बन ते कार्बन डायऑक्साइडपासून मिळवत होते. शेणखतातला नायट्रोजन पिकाला नायट्रेटच्या रूपात मिळतो तो अशाच जिवाणूंच्या कृपेने. ज्या मुलांच्या घरी शेती आहे, त्यांना हे उदाहरण दुधापेक्षाही जवळचे वाटेल.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मातीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी गजबजलेला दिसे, आणि बशीत मात्र मोजक्या वसाहती येत. मी माध्यम अधिकाधिक सकस करीत गेलो. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तेच माध्यम शंभर पट पातळ करायला सांगितले. तीन आठवडे थांबल्यावर कितीतरी अधिक वसाहती उगवल्या. उपासमारीत राहायला सरावलेल्या जीवांना मी मेजवानीने मारत होतो! सूक्ष्मदर्शकातली संख्या आणि बशीतली संख्या यांतली ही तफावत जगभरच्या प्रयोगशाळांना परिचित आहे. निसर्गातल्या बहुतेक जिवाणूंना नेमके काय लागते, हे आजही आपल्याला ठाऊक नाही.

उलट काही गरजा इतक्या सूक्ष्म असतात की त्या नजरेत भरत नाहीत. बहुतेक जिवाणूंना लोह लागते. अंड्याच्या पांढऱ्या बलकात प्रथिने भरपूर, पाणी भरपूर, तरी त्यात जिवाणू सहज वाढत नाहीत. त्यातले एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवते, हे त्याचे एक कारण असल्याचे १९४४ साली दाखवले गेले. आईच्या दुधातही लोह पकडून ठेवणारे असे प्रथिन असते. म्हणजे बलकात चारही शब्द हजर असून वाढ अडते, कारण पाचवी वस्तू कुलपात आहे.

ऊब

या शब्दाचा अर्थ वर्गात बहुधा आपल्या शरीराचे तापमान, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस असा होतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांतून मिळालेला थर्मस अक्वाटिकस हा जिवाणू ७० अंशांना सर्वांत चांगला वाढतो. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे उष्णता सोसणारे विकर पुढे डीएनएच्या प्रती काढण्याच्या पीसीआर तंत्रात वापरात आले. २०२० मध्ये कोविडच्या चाचण्यांमुळे या तंत्राचे नाव घरोघर पोचले. दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या उत्तर भागातल्या कायम गोठलेल्या जमिनीतला एक जिवाणू प्रयोगशाळेत उणे १५ अंशांनाही विभाजन पावताना आढळला. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

ही टोके सोडली तरी आपल्या अगदी जवळचे एक उदाहरण आहे. कुष्ठरोगाचा जिवाणू शरीराच्या थंड भागांत वाढतो: कानाच्या पाळ्या, नाक, त्वचेलगतच्या नसा. त्याला ३७ अंशांपेक्षा कमी तापमान मानवते. चार्ल्स शेपर्ड यांनी १९६० साली तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून दाखवला. तो भागही तुलनेने थंड असतो. गेरहार्ड हॅन्सेन यांनी हा जिवाणू १८७३ मध्ये पाहिला होता. दीडशे वर्षे उलटून गेली, तरी तो कोणत्याही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. २००१ मध्ये त्याच्या जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा त्यातली एक हजारावर जनुके निकामी झालेली आढळली. जे यजमानाच्या पेशीत आयते मिळते ते बनवायची सोय त्याने गमावली. 'याला काय लागते?' हा प्रश्न येथे दोन गुणांचा नाही. त्याचे उत्तर मिळाले असते तर औषधांची परीक्षा कितीतरी सोपी झाली असती.

पाणी

चार शब्दांपैकी हा एकच शब्द सर्व जिवाणूंच्या वाढीला लागू पडतो. तरीही 'पाणी असणे' आणि 'पाणी मिळणे' यांत फरक आहे. मुरांब्यात पाणी असते, लोणच्याच्या खारातही असते. पण साखर आणि मीठ ते धरून ठेवतात. उलट जिवाणूच्याच पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. मुरांब्याची बरणी उघडून दाखवली तर वर्गात परासरणाचा धडा वेगळा घ्यावा लागणार नाही.

येथेच आणखी एक उणीव सांगून टाकतो. यादीत आम्लता नाही. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि दही फार आंबट झाले की त्याच आम्लाने त्यांची स्वतःचीही वाढ मंदावते. उलट बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १०च्या आसपास असूनही त्यात जिवाणू सुखाने नांदतात.

टिकणे वेगळे, वाढणे वेगळे

माझी सर्वांत मोठी तक्रार यापुढची आहे. 'जगण्यासाठी व वाढीसाठी' असे आपण एका दमात म्हणतो. जिवाणूंच्या बाबतीत हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची गल्लत केवळ परीक्षेपुरती राहत नाही.

फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये गवताच्या काढ्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंचे वर्णन केले. काढा उकळला तरी हे बीजाणू मरत नव्हते. बीजाणूला अन्न लागत नाही, ऊब लागत नाही, वाढीला लागणारे पाणीही लागत नाही. तो वाढत नाही, वाट पाहतो. आता रात्रीच्या उरलेल्या भाताकडे पाहू. भात शिजताना बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू जगू शकतात. पातेले रात्रभर ओट्यावर कोमट राहिले की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांचे काही प्रकार उलट्या करवणारे विष सोडतात. सकाळी फोडणीचा भात कितीही परतला तरी ते विष नष्ट होत नाही. भात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा तो याचसाठी. 'गरम केले म्हणजे जंतू मेले' असे शिकलेल्या मुलाला हे कोण सांगणार?

दुसरे उदाहरण मधाचे. मधात जिवाणू वाढत नाहीत, म्हणून तो निर्जंतुक असे आपण समजतो. पण बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू मधात टिकून राहू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना सहसा थारा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजू शकतात, आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे नवजात बाळाला मधाचे बोट चाटवण्याची चाल आहे. नववीतल्या मुलीने घरी जाऊन हे आजीला समजावून सांगितले, तर तो पाठ खरा शिकवला गेला असे मी म्हणेन.

वाढीविषयीही असेच एक वाक्य प्रचलित आहे: 'जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात.' मुलांना यावर गणित घालावे. एका जिवाणूपासून २४ तासांत ७२ वेळा दुप्पट होईल. एका पेशीचे वस्तुमान ग्रॅमच्या एक लक्षकोट्यांशाइतके धरले, तर साडेचार हजार टनांवर जिवाणू होतील. ४८ तासांत ते पृथ्वीच्या वस्तुमानाच्या हजारो पट भरतील! तसे होत नाही, कारण काहीतरी आधीच संपते, किंवा स्वतःचाच कचरा आड येतो. २० मिनिटे हा ई. कोलायसारख्या जिवाणूचा प्रयोगशाळेतल्या उत्तम परिस्थितीतला वेग आहे. क्षयाच्या जिवाणूला दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात, कुष्ठरोगाच्या जिवाणूला सुमारे १२ ते १४ दिवस. क्षयरोगाचा औषधोपचार महिनोन्महिने का चालतो, याचा एक धागा या संथपणाशी जोडलेला आहे.

मग शिकवायचे काय?

यादी टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. तिच्या जागी चार प्रश्न ठेवावेत. या जिवाणूला ऊर्जा कोठून मिळते? शरीर बांधायला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, लोह वगैरे माल कोठून मिळतो? तो इलेक्ट्रॉन कोणाच्या हवाली करतो? आणि तापमान, आम्लता, क्षार यांच्या कोणत्या मर्यादांत त्याला पाणी वापरता येते? उत्तर जिवाणूगणिक बदलेल, प्रश्न बदलणार नाहीत. वरच्या वर्गांत ही चौकट सहज पेलते.

एक उपक्रमही सुचवतो. तळ्याकाठचा चिखल घ्या. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक मिसळा. अंडे नको असेल तर थोडे प्लास्टर ऑफ पॅरिस चालेल. उंच पारदर्शक बरणीत हे भरून वर तळ्याचेच पाणी ओता, झाकण सैल ठेवा आणि बरणी खिडकीजवळ दोन महिने असू द्या. खाली काळा, मध्ये हिरवा-जांभळा, वर मातकट असे पट्टे हळूहळू दिसू लागतील. प्रत्येक पट्टा म्हणजे वेगळ्या गरजांचे जिवाणू. एकाचा कचरा दुसऱ्याचे अन्न होतो. हा विनोग्राद्स्कींचाच स्तंभ. बरणीतला चिखल नंतर ढवळत बसू नये, हात साबणाने धुवावेत, आणि शाळेत पेट्री बशांत अज्ञात जिवाणू वाढवण्याचा मोह टाळावा. सर्वांत खालच्या थरात हवा पोचत नाही, हे मुलांना सांगावे लागत नाही. 'मग तिथे कोण राहतं?' हे त्यांनाच विचारू द्यावे.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. सर, तुम्ही उत्तरसूचीप्रमाणे वागलात, त्यात तुमचा दोष नाही. पण त्या मुलीने एका धड्यातला धनुर्वात दुसऱ्या धड्यातल्या यादीशी ताडून पाहिला आणि दोन्हींत विसंगती आहे हे ओळखले. पाश्चरांनी थेंबाच्या कडेकडे पाहून केले ते याहून फार निराळे नव्हते. तो अर्धा गुण तिला परत द्या, आणि शक्य असेल तर वर्गासमोर द्या. उत्तरसूची चुकू शकते, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे.